ओठांचे भांडवल

रथोत्सव असो, पंचकल्याणक पूजेची मिरवणूक असो, की घरच्या मुलाची वरात असो. बँडचे सूर कानी पडल्याखेरीज कार्याला प्रारंभ झाला असे कोणाला वाटत नाही. यजमान पालखीकडे पाहत असतो, स्त्रिया वधूकडे पाहत असतात आणि मुले घोड्याकडे. लाल कोट व सोनेरी झालरीची टोपी घातलेल्या वादकांकडे मात्र कोणी निरखून पाहत नाही, आणि त्यांच्या ओठांकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. वास्तविक त्या मिरवणुकीतील निम्मा आनंद त्या ओठांवर तोललेला असतो.

सनईच्या तोंडाशी पत्ती असते. क्लॅरोनेटलाही पत्ती असते. फुंकर मारली की पत्ती कंप पावते आणि स्वर उमटतो. ट्रम्पेट, युफोनियम किंवा महाराष्ट्रातील जुनी तुतारी या वाद्यांना मात्र पत्ती नाही. तेथे वादकाचे ओठ हीच पत्ती. ओठ मिटून त्यांमधून हवा सोडली की ते थरथरतात आणि ती थरथर पितळी नळीतून मोठी होऊन बाहेर पडते. ४४० कंपनांचा स्वर लावायचा असेल, तर ओठांना एका सेकंदात ४४० वेळा उघडझाप करावी लागते. ट्रम्पेटच्या माउथपीसचा आतील व्यास जेमतेम १६ ते १७ मिलिमीटर असतो, म्हणजे जुन्या पंचवीस पैशांच्या नाण्यापेक्षाही कमी. एवढ्याशा वर्तुळात मावणाऱ्या मांसावर एका माणसाचा चरितार्थ चालतो. पत्ती मोडली तर सनईवाला डबीतून दुसरी काढतो. ओठांची दुसरी जोडी कोणत्याच डबीत मिळत नाही.

कोल्हापुरातील एका जुन्या पेठेत राहणाऱ्या एका बँडमास्तरांना या गोष्टीची खरी किंमत वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळली. पेठेत त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. लहानथोर सारे 'मास्तर' म्हणतात. त्यांचे वडीलही बँडमध्ये ट्रम्पेट वाजवीत. मेरठच्या जली कोठी भागातून मागवलेले ते जुने ट्रम्पेट वडिलांनी मुलाच्या हाती दिले, तेव्हा मुलगा सोळा वर्षांचा होता. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत गुजरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी या व्यापारी वस्त्यांतील किती वराती त्यांनी वाजवल्या, याचा हिशेब त्यांच्यापाशी नाही. कित्येक घरांत मात्र वडिलांच्या आणि मुलाच्या अशा दोन्ही वरातींना तेच ट्रम्पेट वाजले आहे.

माघ महिन्यातील एका सायंकाळी अशीच एक वरात एका अरुंद गल्लीतून निघाली होती. नवरदेवाची भावंडे व मित्र रंगात आले होते. बँडपुढे नाचता नाचता ते हळूहळू बँडमध्येच शिरले. विशीतला एक मुलगा हात उंचावून मागे मागे सरकत होता. मास्तर डोळे मिटून वरची ओळ घेत होते, त्याच क्षणी मुलाचे कोपर ट्रम्पेटच्या भोंग्यावर आदळले. वाद्य मागे आले, माउथपीसची कड वरच्या ओठावर आली आणि ओठ दातांवर चिरडला. मास्तर खाली बसले. बँड थांबला नाही. क्लॅरोनेटवाल्याने ओळ उचलून धरली आणि वरात पुढे सरकली. थोड्या वेळाने कोणाचे तरी लक्ष लाल कोटाच्या पुढच्या भागाकडे गेले, तेव्हा तो रंग कोटाचा नव्हता.

ओठाला आतून आणि बाहेरून टाके पडले. पुढचा एक दात हलू लागला होता. दंतवैद्यांनी तो शेजारच्या दातांना तारेने बांधून ठेवला. दवाखान्याचा सारा खर्च यजमानांनी न मागता दिला. धक्का देणारा मुलगा मात्र पुन्हा दिसला नाही. त्याचे नाव मास्तरांनी विचारले नाही आणि यजमानांनीही सांगितले नाही.

सहाव्या दिवशी बाहेरचे टाके काढले. आठवडाभरात सूज उतरली. चेहऱ्यावर पाहणाऱ्याला एक बारीक तांबूस रेघ तेवढी दिसे. शेजारी म्हणू लागले, ''मास्तर, बरं झालासा की!'' मास्तरांनाही तसेच वाटले, कारण तसे वाटणे सोयीचे होते. लग्नसराई तोंडावर आली होती. अकरा सुपाऱ्यांचा इसार घेऊन झाला होता आणि त्या पैशांतून बँडचे नवे गणवेश शिवून झाले होते, ढोलांची कातडी बदलून झाली होती. चौदा माणसांचा मेळ त्यांच्या शब्दावर उभा होता.

एकोणिसाव्या दिवशी, डॉक्टरांना न विचारता, मास्तर फाल्गुनातील एका वरातीला उभे राहिले. पहिले गाणे निभावले. दुसऱ्या गाण्यात वरच्या स्वरावर जायचे होते. स्वर लागेना, म्हणून त्यांनी माउथपीस ओठांवर अधिक दाबले. चाळीस वर्षांची सवय तीच होती. स्वर अडला की दाब वाढवायचा. त्या वेळी ट्रम्पेटमधून स्वर आला नाही, नुसती हवा आली. सायकलच्या नळीतून निघावी तशी. पुढच्या रांगेतील कोणी तरी मागे वळून पाहिले. मास्तरांनी वाद्य खाली घेतले. ओठाच्या आतील जखम पुन्हा उलली होती.

घरी आल्यावर पत्नीने विचारले, ''अहो, काय झालं?'' त्यांनी उत्तर दिले नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि ट्रम्पेटही त्यांनी नेहमीप्रमाणे पुसून ठेवले नाही. घरातील माणसांना त्यांच्या दुखण्यापेक्षा त्या न पुसलेल्या ट्रम्पेटचीच अधिक भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितले. जखम मिटणे वेगळे आणि जखम पक्की होणे वेगळे. टाके निघाले म्हणजे कातडी जोडली गेली एवढेच. तीन आठवड्यांनी त्या जोडामध्ये मूळ ताकदीचा साधारण चौथा हिस्सा आलेला असतो. तीन महिन्यांनी ती सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचते, आणि पूर्ववत शंभर टक्के बहुधा कधीच होत नाही. आतील व्रण कित्येक महिने घट्ट राहतो व हळूहळू मऊ होतो. ओठांभोवती एक गोलाकार स्नायू असतो. शीळ घालणे, फुंकणे, ओठ मिटणे ही कामे तोच करतो. तो फाटला असता तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नव्हते. सुदैवाने तो शाबूत होता. डॉक्टरांनी शेवटी विचारले, ''मास्तर, दुकानाची भिंत नुकती बांधली असेल, ओली असेल, तर तिच्यावर लगेच माल रचाल काय?''

सहा आठवडे वाद्याला हात लावायचा नाही, असा दंडक पडला.

व्यापारी माणसाला हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. नड आली म्हणून मुद्दलाला हात घालणारा दुकानदार त्या दिवशीची देणी भागवतो, पण पुढील हंगामात त्याच्या फळीवर माल नसतो. मास्तरांनी नेमके हेच केले होते. घसारा हिशेबात न धरता यंत्र चालवावे, तसे त्यांनी चाळीस वर्षे ओठ चालवले होते, आणि मोडल्यावरही तेच यंत्र पुन्हा पूर्ण वेगाने सुरू करू पाहिले होते.

अशी चूक करणारे ते एकटे नव्हते. अमेरिकेतील फ्रेडी हबर्ड हे जाझ संगीतातील थोर ट्रम्पेटवादक. १९९२ मध्ये त्यांचा वरचा ओठ फुटला. पुरेशी विश्रांती न घेता त्यांनी वादन चालू ठेवले आणि जखमेत जंतुसंसर्ग झाला. ते पुढे पुन्हा वाजवू लागले खरे, पण पूर्वीची ताकद व हुकमत त्यांना परत लाभली नाही. २००८ मध्ये ते वारले.

मास्तरांनी इसाराची वही काढली. पाच यजमानांना पैसे परत केले. उरलेल्या सहा ठिकाणी बदली वादक चालेल असे ठरले; इचलकरंजीहून एक तरुण ट्रम्पेटवाला बोलावला आणि त्याचे मानधन मास्तरांच्या वाट्यातून द्यावयाचे ठरले. सगळ्यांत अवघड भेट राहिली ती भगवान महावीर जन्मकल्याणकाच्या मिरवणुकीची व्यवस्था पाहणाऱ्या शेटजींची. चैत्र शुद्ध त्रयोदशीच्या त्या मिरवणुकीत मास्तर सलग सव्वीस वर्षे वाजवीत आले होते. इसाराचे पाकीट त्यांनी गादीवर ठेवले.

शेटजींनी पाकिटाला हात लावला नाही. म्हणाले, ''मास्तर, इसार परत कसला करता? तुमचा शब्द आमच्याकडे जमेला आहे.''

''शेटजी, शब्द हाय, पर सूर न्हाई.''

''नसू दे. आमचे मुनिमहाराज पावसाळ्यात चार महिने एका जागी थांबतात, ते चालता येत नाही म्हणून नव्हे. पायाखाली जीव जाऊ नये म्हणून. तुमच्या ओठातही जीवच आहे ना? तुम्ही बँडपुढे नुसते चाला. बाकीचे वाजवतील.''

त्या त्रयोदशीला मास्तर हातात छडी घेऊन बँडच्या पुढे चालले. ट्रम्पेट दुसऱ्याच्या हाती होते. वाटेतील ओळखीची माणसे विचारत होती, ''मास्तर, आज वाजवत न्हाई?'' प्रत्येकाला ते हसून मान हलवून उत्तर देत होते, कारण हसतानाही ओठ ताणू नये असे डॉक्टरांनी बजावले होते. मिरवणूक संपल्यावर ते घरी गेले आणि त्यांनी ट्रम्पेट पुसून ठेवले. फाल्गुनातील त्या रात्रीनंतर प्रथमच.

विश्रांती म्हणजे काही न करणे, अशी त्यांची समजूत होती. ती त्यांच्या शेजारच्या तालमीतील वृद्ध वस्तादांनी दूर केली. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलेल्या या गावात मोडलेल्या अंगाची निगा कशी राखावी, हे वस्तादांइतके कोणाला ठाऊक असणार? खांदा निखळलेला पैलवान बरा झाला की त्याला लगेच कुस्तीला सोडत नाहीत. आधी तो नुसता आखाड्यात येऊन बसतो. मग माती उकरतो, मग थोड्या बैठका, मग थोडे जोर, मग लहान मुलांबरोबर खेळ, आणि सर्वांत शेवटी जोडीचा गडी. वस्ताद म्हणाले, ''मास्तर, अंगाला लाज नसती. त्याला पुन्हा पहिलीपासनं शिकवावं लागतंय. लाज मनाला वाटती, ती तेवढी सोडा.''

त्याच सुमारास मास्तरांच्या बहिणीच्या मुलाने त्यांना लुई आर्मस्ट्राँग यांची हकीकत वाचून दाखवली. हा भाचा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असून सुटीच्या दिवशी बँडमध्ये दुसरे ट्रम्पेट वाजवतो. आर्मस्ट्राँग हे नाव मास्तरांना अगदीच अपरिचित नव्हते. त्यांचे वडील 'अलबेला' चित्रपटाची गाणी वरातीत हौसेने वाजवीत. सी. रामचंद्र यांच्या संगीताने गाजलेल्या १९५१ च्या त्या चित्रपटात गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हेही होते, आणि त्या चिक चॉकलेट यांना लोक 'हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग' म्हणत.

१९०१ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेल्या या कृष्णवर्णीय कलावंताने ट्रम्पेटचे वरचे स्वर असे काही वाजवले की श्रोते थक्क होत. मात्र ते स्वर काढताना माउथपीस ओठांवर जोराने दाबण्याची त्यांची रीत होती. १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांचा ओठ पुन्हा पुन्हा फुटू लागला. १९३४ मध्ये पॅरिस येथे त्यांनी कित्येक महिने विश्रांती घेतली. १९३५ च्या आरंभी ते अमेरिकेत परतले, तरीही डॉक्टरांच्या सल्ल्याने आणखी काही महिने त्यांनी वाद्य बाजूला ठेवले. त्या काळी ते जगातील सर्वांत नामांकित ट्रम्पेटवादक होते. थांबण्यात त्यांचे काय नुकसान झाले असेल, याची कल्पना करावी. नंतर ते पुन्हा उभे राहिले. जर्मनीतील एका ट्रॉम्बोनवादकाने तयार केलेले ओठांचे मलम ते वापरीत आणि ओठांची काळजी घेणे हा त्यांच्या नित्यक्रमाचाच भाग झाला. वरच्या स्वरांची आतषबाजी कमी करून त्यांनी साध्या, मोजक्या सुरावटींवर आणि गायनावर अधिक भर दिला. १९६४ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांचे 'हॅलो, डॉली' हे गीत अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत अव्वल ठरले. १९७१ मध्ये ते वारले. पुढे १९८२ मध्ये हाइमे प्लानास या स्पॅनिश शल्यविशारदांनी ट्रम्पेटवादकांच्या ओठांचा गोल स्नायू फाटण्याच्या विकारावर लेख लिहिला, तेव्हा त्या विकाराला त्यांनी आर्मस्ट्राँग यांच्या टोपणनावावरून 'सॅचमो सिंड्रोम' असे नाव दिले.

भाचा वाचून थांबला. मास्तरांनी एवढेच विचारले, ''एवढा मोठा माणूस, महिनोन्‌महिने गप्प बसला?''

वैशाखाच्या आरंभी डॉक्टरांनी परवानगी दिली. मास्तर पहाटे रंकाळ्यावर जाऊन बसू लागले. प्रारंभी ट्रम्पेट नाही, माउथपीससुद्धा नाही. नुसते ओठ मिटून त्यांतून हवा सोडायची आणि घोड्यासारखे फुरफुरायचे. फिरायला येणारी मुले हसत. पहिल्या दिवशी दोन मिनिटे झाली. दुसऱ्या आठवड्यापासून माउथपीस, तेही डाव्या हाताच्या केवळ दोन बोटांत सैल धरून, म्हणजे दाबता येऊ नये. जितका वेळ फुंकायचे तितकाच वेळ थांबायचे. ओठ दमण्याच्या आधी थांबायचे, दमल्यानंतर नव्हे. ओठावर ऊब किंवा सूज जाणवली तर दुसऱ्या दिवशी सुटी. ज्येष्ठात ट्रम्पेट हाती आले, पण स्वर फक्त खालचे, लांबवलेले आणि हळू. आरसा समोर ठेवून ते ओठांची ठेवण पाहत. वरचा ओठ डाव्या बाजूला अजून काहीसा बधिर होता. तेथे स्वर आहे की नाही, हे स्पर्शाने कळत नसे, कानाने ओळखावे लागे.

खाण्यापिण्यातही बदल करावे लागले. मिसळीचा कट ओठाला झोंबे, म्हणून तो बंद झाला. पत्नीने तांदळाची पेज, मुगाचे कढण, ताक यांवर महिनाभर काढला आणि स्वतःही तेच खाल्ले. तीस वर्षांची तंबाखू सुटली; ती सोडण्यासाठी त्यांना आतापर्यंत अनेकांनी विनवले होते, पण व्रणाने एका दिवसात सोडवली. रात्री ओठांना तूप लावून झोपण्याचा नियम ठरला.

एका जुन्या वहीत ते रोजची मिनिटे मांडीत. आज चार. आज पाच. आज शून्य. ही वही बँकेच्या पासबुकासारखी दिसे; फरक इतकाच की येथे कमी काढणाऱ्याची शिल्लक वाढत होती. आषाढात एके दिवशी त्यांनी उत्साहाच्या भरात अर्धा तास वाजवले आणि पुढील चार दिवसांच्या रकान्यांत चार शून्ये लिहिली. पाचव्या शून्याची वेळ त्यांनी येऊ दिली नाही.

या साऱ्या काळात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि ती त्यांना ओठाच्या दुखापतीपेक्षाही जिव्हारी लागली. जोर न लावता वाजवलेला खालचा स्वर अधिक गोड लागत होता. तरुणपणी आपला स्वर असाच होता, हे त्यांना आठवले. मग तो गेला केव्हा? मिरवणुकांत डॉल्बीच्या भिंती आल्या आणि शेजारून जाणाऱ्या त्या गदारोळात स्वतःचा आवाज ऐकू येईना, तेव्हापासून त्यांनी माउथपीस दाबायला आरंभ केला होता. यजमान म्हणत, ''मास्तर, आवाज वाढवा.'' मास्तर वाढवीत गेले. कोपराचा धक्का एका क्षणाचा होता. दाबाची दुखापत पंधरा वर्षांची होती. मुलाने केलेली जखम डॉक्टरांनी शिवली. स्वतः केलेली जखम त्यांनाच शिवायची होती.

भाद्रपदात पर्युषण आले. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक तरुण उभा राहिला. त्याच्याबरोबर वडील नव्हते, काका नव्हते; तो एकटाच आला होता. हात जोडून त्याने ''मिच्छामि दुक्कडम्'' म्हटले आणि पुढे त्याला बोलता येईना. मास्तरांनी त्याला ओळखले नाही. अपघाताच्या क्षणी त्यांचे डोळे मिटलेले होते.

''काका, वरातीत माझं कोपर लागलं होतं. घरच्यांनी खर्च दिला, म्हणून मिटलं असं मी धरून चाललो. काल प्रतिक्रमणाला बसलो तेव्हा ते मिटलेलं नाही असं वाटलं.''

मास्तरांच्या पत्नी आतून बाहेर आल्या होत्या. त्यांच्या मनात सहा महिन्यांचे पुष्कळ साठले होते. पेजेचे दिवस, परत केलेले इसार, रात्री जागा असलेला नवरा. त्या बोलणार इतक्यात मास्तरांनी मुलाला बसायला सांगितले.

''बाळा, क्षमा कधीच झाली. माझ्या मनात तुझा चेहराच न्हवता, तर राग कुणावर धरू? पर आलास ते बरं केलंस. आता माझं एक काम कर. पुढं कुणाच्या बी वरातीत नाचशील, तर बँडच्या पुढं नाच. बँडच्या आत नको. दोन हात जागा सोड. आमचं सगळं या एवढ्याशा जागंवर हाय.'' असे म्हणून त्यांनी ओठावरच्या रेघेवर बोट ठेवले.

मुलाने मान हलवली. जाताना तो पत्नीच्या पाया पडला, तेव्हा त्यांनीही त्याला चहा घेतल्याशिवाय सोडले नाही.

दसरा झाला, दिवाळी झाली. मास्तर अजून चारचौघांत वाजवीत नव्हते. वहीतील आकडा वीस मिनिटांवर येऊन थांबला होता आणि वरचे दोन-तीन स्वर काही केल्या भरवशाने लागत नव्हते. डॉक्टरांचे म्हणणे, ते येतील किंवा येणार नाहीत. व्रण मऊ व्हायला वर्ष लागू शकते. मास्तरांनी एक निर्णय घेतला. वरची ओळ भाच्याकडे दिली आणि स्वतः दुसरे ट्रम्पेट घेतले. मेळाच्या मास्तराने दुसऱ्या जागी उभे राहणे ही बँडच्या जगात लहान गोष्ट नाही. भाचा संकोचला. मास्तर म्हणाले, ''दुकान एकाच गिऱ्हाइकावर चालतंय व्हय? आता दोघांनी मिळून चालवायचं.''

कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास समाप्तीची मिरवणूक होती. इसार शेटजींकडूनच आला होता आणि त्याबरोबर निरोप होता की सलग वाजवू नका, प्रत्येक चौकात पाच मिनिटे थांबा, पाण्याची व्यवस्था केली आहे. सव्वीस वर्षांत असा निरोप प्रथमच आला होता. बँड लावणाऱ्या प्रत्येक घराने एवढे केले तरी पुष्कळ आहे: दोन हात जागा, चौकाचौकात विसावा, पिण्याचे पाणी, आणि 'आणखी एक गाणे' म्हणण्यापूर्वी वाजवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे एक दृष्टिक्षेप. याला पैसा लागत नाही.

मंदिराशी मिरवणूक पोचली, तेव्हा आरतीच्या आधी बँडने एक संथ धून धरली. वरच्या ओळी भाच्याने घेतल्या. मधल्या चार ओळी एकट्या दुसऱ्या ट्रम्पेटच्या होत्या. मास्तरांनी माउथपीस ओठांना लावले, दाबले नाही. स्वर लहान आला, पण स्वच्छ आला. ऐकण्यासाठी लोक गप्प झाले आणि नकळत पुढे सरकू लागले.

तेव्हा गर्दीतून एक तरुण पुढे आला, बँडकडे पाठ करून उभा राहिला आणि दोन्ही हात आडवे पसरून त्याने लोकांना थोपवून धरले. मास्तरांचे डोळे या वेळी उघडे होते.